फोटोत नसलेला नवरा

क्लातेनजवळच्या आमच्या गावात भात कापावं तर रुकिनेमनं. बोटाएवढं पातं मुठीत लपवून ती एकेक लोंबी खुडायची. उघडं पातं दिसलं तर भाताची देवी भिते, म्हणायची. नवरा लवकर गेला, मूल नाही. मधल्या खोलीतली फणसाच्या लाकडाची ती भाताची देवी, श्री, आणि शेजारी बसलेला तिचा नवरा सदोनो, एवढाच तिचा संसार. पण घर धाकट्या बहिणीचं, म्हणजे आता भाच्याचं, तुगिमानचं.

तो एक दिवस शहरातून गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाइकाजवळ जुना फोटो होता. कुण्या परदेशी माणसानं कधीकाळी ह्याच खोलीत काढलेला. त्यात देवी एकटीच. कडेला सदोनोचा नुसता गुडघा.

गिऱ्हाइकानं अंगठ्याला थुंकी लावली आणि देवीची छाती घासून पाहिली. मी शेजारीण, दारात उभी होते.

"रंग अस्सल आहे. हिलाच नेतो."

"आणि हा?" रुकिनेमनं सदोनोकडे बोट केलं.

"तो फोटोत नाही. त्याला कोण विचारतो?"

तुगिमान खिदळला. मोठ्या मावशीला तो बुदे म्हणायचा. "बुदे, तोंड पाडू नकोस. फोटोची मोठी प्रत आणून देतो. तिला दाखव नैवेद्य. फोटोला वाळवी लागत नाही."

"तुझ्या बायकोला विक, मेल्या, आणि तिचा फोटो घे उशाला!"

पण घर त्याचं. देवी गाडीत गेली, पोत्यात गुंडाळून, जुन्या टायरांना टेकून.

रुकिनेम आत वळली. सदोनोला तिनं ओढणीच्या झोळीत घेतलं, कमरेवर, लेकरासारखं. गाडीशी येऊन पोतं सोडलं, देवीच्या छातीवरची थुंकी पुसली आणि नवऱ्याला तिच्या शेजारी बसवलं.

"ह्याचे पैसे देणार नाही हं," गिऱ्हाईक म्हणालं.

"मागितले कुणी? बाईला एकटीला परमुलखात धाडायची आमच्यात रीत नाही."

"फुकट येतंय, घ्या की!" तुगिमान म्हणाला. दोघं हसले. त्या हसण्याला डुकराच्या खोपटाचा वास होता.

गाडी गेल्यावर तुगिमान ओट्यावर ऐसपैस बसला. "बुदे, भूक लागली. वाढ काहीतरी."

स्वयंपाकघरातून धूर येत होता, भाताचा वासही.

"चूल विझली," रुकिनेम म्हणाली आणि माझ्या घरी जेवायला आली.