बिनआवाजाचा कूलर

खान्देशात कूलर म्हटलं की एकच वस्तू डोळ्यांसमोर येते. खिडकीला टेकवलेली पत्र्याची पेटी, तिला तीन बाजूंनी गवत. सकाळी पाणी भरायचं, बटण दाबायचं आणि पाऊस येईपर्यंत तिच्यासमोर पडून राहायचं. कॉम्प्युटरच्या पोटातही कूलर असतो हे इथे दुकानदार सोडला तर कुणाला ठाऊक नसतं, आणि असायचं काही कारणही नाही. मलाही नवरा गेल्यावर ठाऊक झालं. तोवर ते खातं त्याच्याकडे होतं.

मी घरी बसून पुस्तकांची पानं लावते. छापखान्याकडून मजकूर येतो, तो मी ओळीत बसवते, चित्रं डकवते, पानांचे आकडे टाकते आणि परत पाठवते. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरात हॉलच्या कोपऱ्यात हे चालतं. कॉम्प्युटर नवऱ्याने आणलेला, टेबलाखाली धान्याच्या डब्याएवढा डबा. त्याचा पंखा घरघरायचा, पण संसारात इतके आवाज असतात की त्यातला एक कोण वेगळा काढतो?

नवरा दवाखान्यात होता तेव्हा त्याच्या उशाशी एक मशीन होतं. ते बारीक घरघरत राहायचं, दिवसभर, एका सुरात. नंतर ते बंद केलं. तेरावं झालं, पाहुणे पांगले, मी कामाला बसले, कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि टेबलाखालून तोच आवाज आला. अगदी तोच. मी रडले नाही, घाबरलेही नाही. नुसते हात की-बोर्डवर ठेवले तर ते तसेच पडून राहिले, कुणी दुसऱ्याने तिथे ठेवून दिल्यासारखे. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. मग मी ठरवलं, हा डबा घराबाहेर काढायचा आणि दुसरा आणायचा, ज्याचा आवाजच येणार नाही. आणि तो लहान हवा. एवढ्याच मोठ्या डब्याने ती जागा पुन्हा भरून काढायची नव्हती मला.

लहान आणि शांत. ऐकायला सोपं वाटतं. पुढचे कित्येक दिवस मी याच दोन शब्दांत अडकून पडले होते.

गोम अशी की मोठा पंखा सावकाश फिरून भरपूर हवा देतो, म्हणून त्याचा आवाज येत नाही. लहान पंख्याला तेवढ्याच हवेसाठी जिवाच्या आकांताने फिरावं लागतं, आणि तो किंचाळतो. म्हणजे शांतता हवी तर कूलर मोठा हवा, आणि कूलर मोठा घेतला की तो कॉम्प्युटरच्या लहान पेटीत मावत नाही. नाकापेक्षा मोती जड. मी पसंत केलेल्या पेटीत सत्तर मिलिमीटर उंचीचा कूलर बसत होता, त्याहून रेघभरही उंच नाही. चांगले, शांत म्हणून नावाजलेले सगळे कूलर या मापाच्या दुप्पट उंच. मग राहिले ते बसके, वर आडवा रुंद पंखा असलेले, वरची हवा खाली फेकणारे. त्यांतही एकाचा पंखा शेजारच्या मेमरीच्या पट्टीला आडवा येतो, दुसऱ्याचा स्क्रू बोर्डाच्या मागून घट्ट करावा लागतो. मी कागदाचे तुकडे कापून मापं लावून बघायची.

ज्यांनी हे कूलर तपासून त्याविषयी लिहिलंय ते सगळे थंड देशांतले. खोलीत बावीस अंश धरून ते मोजतात. ते ज्याला उन्हाळा म्हणतात तो आमच्याकडे संक्रांतीच्या सकाळी असतो. मे महिन्यात पिंप्राळ्यात दुपारी नळ सोडला तर हात भाजतो, तिथे त्यांचा आकडा काय कामाचा? म्हणून मी कमी वीज खाणारा प्रोसेसर निवडला आणि कूलर मात्र त्याच्या गरजेपेक्षा दांडगा, म्हणजे उन्हाळ्यातही पंख्याला धावावं लागणार नाही. हे सगळं मी एखादी मुलगी सासरी द्यायची असावी अशा चौकशीने केलं. एरवी या काळात बायका पोथी वाचतात.

भेटायला येणाऱ्यांना ते खटकायचं. गल्लीतली एखादी येऊन बसायची, माझा हात हातात घ्यायची आणि म्हणायची, "रड गं एकदा, मन मोकळं कर." मी हो म्हणायची. रडणं काय चहा आहे, टाकला म्हणजे झाला? ती गेली की मी पुन्हा तांब्याच्या नळ्या आणि पंख्यांचे फेरे वाचत बसायची. मला खरंच काही होत नव्हतं. जेवण कळत नव्हतं, थंडी कळत नव्हती. सत्तर मिलिमीटर मात्र कळत होते.

अशात एका दुपारी जावेचा फोन आला. जाऊ आणि मोठे दीर धुळ्याला, देवपुरात राहतात. सासरे, म्हणजे नाना, त्यांच्याकडे. सासूबाई गेल्यापासून नाना तिथेच.

"नाना रोज विचारतात, एकटी कशी राहते म्हणून. काय करतेस?" तिने विचारलं.

"कूलर बघतेय."

"आत्ता? थंडीत?"

"आत्ताच बघायला हवा. लहान जागेत मावेल असा हवाय, आणि अजिबात आवाज न करणारा. उन्हाळ्यात तग धरला पाहिजे."

ती हळू आवाजात म्हणाली, "होईल ना गं सगळं तुझ्याच्याने? जागेचं वगैरे?"

"होईल की. मापं घेऊन ठेवलीत. थोडी अडचण होईल, पण बसेल."

"बरं बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला. मला वाटलं, हीसुद्धा आता मन मोकळं कर म्हणणार. मी फोन ठेवला.

नवी पेटी, प्रोसेसर, कूलर असं सगळ्याचं पार्सल आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली. आतून नाना उतरले. एका हातात कपड्यांची पिशवी, काखेत उशी. रिक्षावाल्याने मागून एक गोणपाटाचा गठ्ठा उतरवून ओट्यावर ठेवला.

"मी उनू, माय," नाना म्हणाले.

नाना मला माय म्हणतात. आमच्या घरात सगळे अहिराणी बोलतात, मी सोडून; जाऊ तेवढी माझ्याशी माझ्यासारखं बोलते. माझं माहेर रावेरकडचं, तिथली बोली वेगळी, म्हणून सासरी आले तेव्हापासून मी आपली पुस्तकी मराठी धरून ठेवलेली. नवरा मला 'छापील' म्हणायचा. 'आहे' म्हणू नको, 'शे' म्हणून दाखव, असा मागे लागायचा. मला ते हसल्याशिवाय म्हणता यायचं नाही, आणि मग सगळेच हसायचे.

मी गठ्ठ्याकडे बघत होते. नानांनी त्याचं तोंड सोडलं. आत वाळा होता, स्वच्छ, धुऊन वाळवलेला. वास ओटाभर पसरला.

"भुसं नही, वाळा शे," ते म्हणाले. "कथा शे कूलर?" त्यांची नजर कूलर शोधत खिडक्यांवरून फिरली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लहान जागा म्हणजे आतली लहान खोली. आवाज न करणारा, कारण म्हाताऱ्या माणसाला झोप लागली पाहिजे. उन्हाळ्यात तग धरणारा. मापं घेऊन ठेवलीत, अडचण होईल पण बसेल. मी एका बाईला सांगितलं काय आणि तिने ऐकलं काय. तिने ते नानांना सांगितलं असणार, नानांनी साऱ्या गल्लीला. धाकल्या सुनेने बोलावलं म्हणून. दोन दिवसांसाठी येणारा माणूस उशी आणत नाही.

मी त्यांना बोलावलं नव्हतं. माझ्या मनातही नव्हतं. मला कुणीच नको होतं घरात, हे आज लिहायला जड जातंय, पण ते तसंच होतं.

मी टेबलावरचा कूलरचा खोका दाखवला. नानांनी तो उघडला. पत्र्याच्या पातळ पातळ पात्या, वाकवलेल्या नळ्या, वर काळा पंखा. तळहातावर ठेवून त्यांनी तो सगळीकडून पाहिला.

"हाऊ?"

"हो, नाना. कॉम्प्युटरचा असतो. आतला भाग तापतो, त्याच्यासाठी."

त्यांनी कूलर परत खोक्यात ठेवला, होता तसाच, कागदात गुंडाळून. मग खुर्चीवर बसले आणि उशी मांडीवर घेतली. त्यांचा चेहरा अजिबात हलला नाही. तो चेहरा मी ओळखत होते. आरशात तोच असायचा.

"सांजनी गाडी शे," ते म्हणाले. "मी जास."

देवपुरात त्यांना काही कमी नव्हतं. दीर, जाऊ, सगळे त्यांना जपतात. इतके जपतात की गेलेल्या मुलाचं नाव त्यांच्यासमोर कुणी काढत नाही. तो विषय निघाला की टीव्ही मोठा होतो. आता हे सगळ्यांना सांगून निघालेले नाना संध्याकाळी उशी घेऊन परत त्याच गल्लीत उतरणार होते. ते मला दिसलं. कीव वगैरे आली नाही. नुसतं दिसलं, आणि जीभ उचलून टाळ्याला लागली.

"दोन घ्यायचे होते, नाना."

"दोन?"

"हा कॉम्प्युटरचा. तुमच्या खोलीचा अजून बघायचाय. तुम्ही आल्यावरच घेणार होते. वाळा आणलात ते बरं झालं."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. मी खोक्याची पट्टी उगाच सोलत होते. मग त्यांनी उशी बाजूला ठेवली.

"मंग हाऊ पहिले बसाड," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी तो नव्या पेटीत बसवला. नानांनी मोबाइलचा उजेड धरला. प्रोसेसरवर मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवायची, वर कूलर दाबायचा आणि चारही स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे, घट्ट करत जायचं. झाकण लागेल की नाही याची मला धाकधूक होती. लागलं. कागदाचा कपटा जाईल एवढी फट वर उरली.

बटण दाबलं. लाल दिवा लागला, पडदा उजळला. बाकी काही नाही.

"चालू शे का?" नानांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी पेटीशी कान नेला. मग वरच्या जाळीवर हात धरला.

"आवाज नही."

"नाही. म्हणून तर घेतला."

हात तिथेच ठेवून ते म्हणाले, "तठे ते मशीन व्हतं. उशापान."

मी म्हणाले, "हो."

"माले आजूक ऐकू येस."

"मलाही," मी म्हणाले.

मग मी चहा टाकला आणि तो आम्ही प्यालो. तो गोड झालाय हे मला कळलं, म्हणजे बऱ्याच दिवसांनी काहीतरी जिभेला कळलं.

नानांचा कूलर होळीनंतर आला. नुसता धटिंगण. सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायचं आणि हॉलमध्ये फोनवर बोलता यायचं नाही. ज्या घरात पंख्याचा आवाज नको म्हणून मी इतका खटाटोप केला, त्या घरात आता दिवसभर हे धूड ओरडत होतं, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. तो नुसता कूलर होता. वाळा ओला झाला की घरभर वास यायचा. वैशाखात एका दुपारी नाना पाणी भरता भरता मागे न बघता म्हणाले, "दुसरा कूलर तुना मनमा व्हता का, माय?"

मी खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "नव्हता, नाना."

"माले ठाऊक व्हतं," ते म्हणाले, आणि पाणी भरत राहिले.

पाऊस सुरू झाल्यावर आम्ही तो कूलर पुसून झाकून ठेवला. मग घर एकदम शांत झालं. मी हॉलमध्ये पानं लावत बसायची, नाना लहान खोलीत पडलेले. पूर्वीचा डबा असता तर त्याच्या घरघरीवरून आत कळलं असतं की बाहेर कुणीतरी आहे. या नव्याने ती सोय ठेवली नव्हती. नाना मधूनच उठून दारात यायचे, मला बघायचे आणि परत जायचे. नंतर गुडघे दुखायला लागले तसं उठणं सोडून दिलं आणि पडल्यापडल्या हाक मारू लागले.

"माय, शे का?"

"आहे, नाना," मी म्हणायची. त्यांचे कान आता मंदावलेत. थोड्या वेळाने परत यायचं, "शे का?"

लोक मला अजून विचारतात, कशी आहेस. त्याचं उत्तर मला येत नाही, मी आपली बरी म्हणते. नाना तसं कधी विचारत नाहीत. आहे की नाही, एवढंच विचारतात.

काल दुपारी तीच हाक आली. मी आहे म्हटलं. ऐकू गेलं नसावं, पुन्हा आली, या खेपेला जरा घाबरी. मी हातातलं पान तसंच सोडलं, मान वळवली आणि आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाले,

"शे, नाना. मी शे."

हसू आलं नाही. आत खाट करकरली, नाना कुशीवर वळले असावेत. पुन्हा हाक आली नाही.