साखरेची बिअर

शोभामावशीच्या यजमानांना, चारुदत्तकाकांना, कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवणं जमत नसे. कॅनडातल्या विंडसरच्या त्यांच्या घरून निघताना पाहुण्याच्या हातात परसातले टोमॅटो, लिंबाचं लोणचं, निदान एखादी चकलीची पुडी तरी पडायचीच. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. दोन हजार नऊमध्ये कारखाना बंद झाला, तेव्हा सोबतच्या लोकांनी त्यांना घरी बिअर करायचं सामान भेट दिलं. झाकणाचं पांढरं प्लास्टिकचं पिंप, एक नळी, बुचं बसवायचं हत्यार आणि माल्टच्या, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या, दाट काळ्या पाकाचा डबा. मी शिकायला त्यांच्याकडे राहायला आले, तेव्हा बेसमेंटमध्ये ते पिंप बुडबुडत होतं आणि काका त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेले होते.

डब्यावर लिहिलं होतं, पाकात पाणी आणि एक किलो साखर घाला. बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानातल्या बाई मात्र म्हणाल्या होत्या, "साखर नका घालू. तिच्याऐवजी ही माल्टची पावडर घ्या. साखर यीस्ट पार खाऊन टाकतं; माल्टचा गोडवा थोडा उरतो. साखरेनं बिअर पाणचट होते, आंबूस लागते."

काकांनी त्यांना रसायनशास्त्र समजावलं. यीस्टला साखर हवी असते, ती उसाची आहे की बार्लीची याच्याशी त्याला काय देणंघेणं? बाईंनी ऐकून घेतलं आणि पावडरीची पिशवी पुन्हा फळीवर ठेवली. हा प्रसंग काका जेवताना रंगवून सांगत. मावशी पोळी लाटता लाटता म्हणायची, "त्यांचं दुकान आहे हो. त्यांना थोडं कळत असेल."

काका स्वतः फारसे पिणारे नव्हते. पार्टीत एखादा ग्लास, तोही इतरांकडे बघत. बिअर निघाली ती फिकी, पातळ. फेस यायचा आणि लगेच विरून जायचा, वास सफरचंद आंबल्यासारखा. काकांना ती झकास वाटली. त्यांनी केली होती ना!

पहिल्या बाटल्या गेल्या शेजारच्या गॉर्डनकडे. गॉर्डन त्याच कारखान्यातला, रंगखात्यातला. बायको गेल्यापासून एकटाच राहायचा. काकांना तो चार्ली म्हणे. कामावर रोज शंभर माणसांशी बोलणाऱ्या काकांना आता बोलायला घराबाहेर तोच एक उरला होता. ते त्याच्या दारात उभे राहून विचारत, "कशी झालीये?"

"इंटरेस्टिंग," गॉर्डन म्हणे. "हे दुकानात मिळायचं नाही, चार्ली."

बाटल्या परत हव्यात, एवढं काकांनी सांगून ठेवलं होतं. गॉर्डन त्या धुऊन खोक्यातून आणून द्यायचा. मग आपल्याकडे आलेलं भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून काका त्या भरून पुन्हा त्याच्याकडे नेत.

"अहो, ही काय लोणच्याची बरणी आहे?" मावशी हसायची. "बिचाऱ्याला श्वास तरी घेऊ द्या."

"त्याला आवडते, शोभा. एक थेंब ठेवत नाही."

तिथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला त्यांनी तिळगुळाच्या ताटाशी उभं राहून चारचौघांत सांगितलं, की आमचा कॅनेडियन शेजारी आता दुकानातली बिअर घेतच नाही. लोक वा वा म्हणाले. काकांचे कान आनंदानं लाल झाले.

दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात गॉर्डनची पाठ धरली, म्हणून काका त्याच्या दारासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फही फावड्यानं काढू लागले. एका दुपारी, गॉर्डन डॉक्टरकडे गेलेला असताना, त्याच्या मागच्या पायऱ्यांवरचा बर्फही काढून टाकू म्हणून ते मागे गेले. कुंपणाला सीडरची झुडपं होती. त्यांच्या बुंध्याशी बर्फात खोल, पिवळट तपकिरी भोकं पडलेली होती. काकांना आधी वाटलं, कुणाचं तरी कुत्रं. मग वाऱ्याबरोबर तो वास आला. आंबलेल्या सफरचंदांचा.

तो वास त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला ओळखू येणार होता?

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. काका बराच वेळ फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. नंतर त्यांनी बाजूचा स्वच्छ बर्फ उचलून हळूहळू त्या भोकांवर टाकला, फावड्याच्या पाठीनं थापून सारखा केला आणि येताना आपल्या बुटांचे ठसेही मोडत आले. आपल्याला कळलंय, हे गॉर्डनला कळू नये म्हणून.

घरात आल्यावर त्यांनी टोपीसुद्धा काढली नाही. मावशीनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "ओततो गं तो. झाडांना."

मावशी हसली नाही. तिनं चहा ठेवला.

पुढचे काही दिवस काका मधेच थांबत, डोळे मिटत आणि मान हलवत. गॉर्डनच्या दारात आपण किती वेळ उभे राहिलो, कसं विचारलं, तो कसा ग्लास हातात धरून आपल्या जाण्याची वाट पाहत असेल, हे सगळं त्यांना पुन्हा दिसत असावं. "आणि मी संक्रांतीला..." असं एकदा त्यांनी सुरू केलं आणि वाक्य सोडून दिलं.

मार्चमध्ये ते त्या दुकानात गेले. मी गाडी चालवत होते म्हणून सोबत होते. बाई गल्ल्यावरच होत्या. काका त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "ती पावडर... माझ्या एका मित्राला हवी आहे."

"मित्राला सांगा, साखरेच्या जागी घालायची," बाई म्हणाल्या. "साखर अजिबात नको." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. काकांना तेच जड गेलं. बाहेर येऊन ते गाडीत माझ्याच, चालकाच्या बाजूनं शिरायला निघाले.

पावडर दुधाच्या भुकटीसारखी, फिकट पिवळी. उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरल्याबरोबर ती चमच्याला चिकटून दगड झाली, पातेल्यात गुठळ्या तरंगू लागल्या. काकांनी मावशीला हाक मारली.

"पिठल्याचं पीठ कधी उकळत्या पाण्यात घालतात का?" ती म्हणाली. "आधी गार पाण्यात कालवा."

ही बिअर काकांनी एकट्यानं चाखली. रंग मधाचा, फेस ग्लासाला धरून राहिलेला, तोंडात नुसतं पाणी नाही तर काहीतरी भरलेलं. चांगली होती. ती चांगली निघाल्यामुळे आधीची किती वाईट होती, हे त्यांना नेमकं कळलं. त्यांनी बाटल्या जिन्याखाली ठेवल्या आणि त्यांवर जुनी चादर टाकली. गॉर्डनची गाडी दिसली की ते पत्रपेटीकडे जायचं टाळू लागले. घरात त्यांचा आवाज कमी झाला. मावशी एकदा मला म्हणाली, "बिअर गेली तर गेली गं. माणूस जायला नको."

एप्रिलमध्ये गॉर्डनच आला. हातात धुतलेल्या बाटल्यांचं खोकं. "काय चार्ली, बंद केलंस की काय? मी काही चुकलो का?"

काका "नाही, नाही" म्हणत राहिले. मावशी बेसमेंटमध्ये जाऊन एक बाटली घेऊन आली, आणि दोन ग्लास भरून बाटली टेबलावर ठेवून आत गेली.

गॉर्डननं ग्लास उचलला. घोट घशाखाली उतरायच्या आधीच तो म्हणाला, "नेहमीसारखीच मस्त." आणि थांबला. ग्लासात पाहिलं, पुन्हा एक घोट घेतला.

"काय केलंस तू?"

"साखरेच्या जागी माल्टची पावडर घातली," काका म्हणाले. टेबलाकडे बघत पुढे म्हणाले, "ही नाही ओतलीस तरी चालेल."

गॉर्डनचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

"कधी कळलं?"

"बर्फ काढताना."

"माझाच बर्फ काढताना," गॉर्डन म्हणाला आणि त्यानं हातानं तोंड पुसलं. "मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मग इतका उशीर झाला, की सांगणंच जास्त वाईट वाटायला लागलं."

"मी तुला बोलू कुठं दिलं?"

सांगून टाकल्यावर हलकं वाटेल, असं काकांना वाटलं असणार. तसं दिसलं नाही. आता दोघंही खाली बघत होते, आणि काकांनी आपल्या लाजेत त्यालाही ओढलं होतं. गॉर्डननं खुर्ची मागे सरकवली. तो उठणार असं वाटलं. काकांचा हात बाटलीकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

गॉर्डन उठला नाही. त्यानं आणखी एक घोट घेतला, तोंडात घोळवला.

"जरा गोड झालीये, चार्ली," तो म्हणाला.

काकांच्या गालाची शीर हलली. "जरा?"

"नाही. बरीच."

काकांनी मान डोलावली. मग आपला ग्लास ओढून घेतला आणि गॉर्डनसमोर पहिल्यांदाच स्वतःची बिअर नीट, सावकाश चाखून पाहिली.

"हो," ते म्हणाले. "गोड आहे."