माहेरी राहिलेल्या दोन बरगड्या

माणसाच्या देहात बरगड्यांशिवाय आणखी काही असतं, हे आमच्या धाकट्या मामंजींना कधी मान्यच झालं नाही. धाकटे मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. निजामाच्या राज्यात ते वालूरहून थेट हैदराबादेला डॉक्टरी शिकायला गेले होते. तिथं शिकवणी छातीच्या पिंजऱ्यापासून सुरू झाली, बरगड्या संपत आल्या, आणि इकडे वडील वारले म्हणून शेती बघायला त्यांना परत बोलावलं. त्यामुळे हात, पाय, डोकं हे आबांच्या लेखी अभ्यासाबाहेरचेच राहिले. कुणाचा दात ठणकत असला तरी म्हणत, "ते असू दे. दम घेताना बरगडी दुखती का?" छत्री उघडली की काड्या मोजायचे, छपराच्या गाडीत बसले की कमानी मोजायचे. उन्हाळ्यात म्हशी वाळल्या की सारं घर हळहळायचं. आबा तेवढे गोठ्यात रमायचे. एकदा महसुलाचा गिरदावर पाहणीला आला आणि चावडीत खोकला. आबांनी शेरवानीवरूनच त्याच्या दोन्ही कुशी चाचपल्या आणि जाहीर केलं, "इधर बारा, उधर बारा. मुबारक हो साब, कुछ गबन नहीं!" महसुलाच्या साहेबापुढं 'गबन', म्हणजे अफरातफर, हा शब्द ऐकून पाटलांना घाम फुटला. साहेब मात्र हसला, आणि हसताना त्याची कितवी हलली तेही आबांनी सांगितलं.

मी त्या घरात सून म्हणून आले तेव्हा अंगानं काडी होते आणि अकलेनं त्याहून बारीक. एके दिवशी माळवदावर कुरडया वाळत घातल्या आणि उतरताना शिडीवरून घसरले. कूस पायरीवर आपटली. चुलतसासऱ्यानं सुनेला हात लावायचा प्रश्नच नव्हता, तेव्हा तपासणी दाराआडून झाली. आबा ओसरीवर, मी आत पदर ओढून, आणि मध्ये माझ्या सासूबाई. "वहिनी, विचारा तिला, कुठं दुखायलंय?" सासूबाईंनी कुशीवर बोट टेकवलं आणि मी किंचाळले. "समजलं," आबा खुशीत म्हणाले. "अकरावी. मोडली न्हाई. ती सुटीच हाय, तिला पुढं आधार न्हाई."

झालं! 'सुटी' एवढाच शब्द माझ्या डोक्यात शिरला. माझी बरगडी सुटली होती आणि कधीही घरंगळून पडणार होती. मी जुन्या लुगड्याचा पट्टा काढून कंबरेच्या वर आवळून बांधला. वाकेना, शिंकेना, कुणी गंमत केली तर रागानं बघे, कारण हसले की ती निसटायची. खरी भीती पुढची होती. सुट्या बरगडीची सून हे लोक ठेवतील कशाला? गाडीत घालून माहेरी सोडून येतील. आणि परत आलेल्या लेकीचं काय होतं, ते मला घरातच रोज दिसत होतं. आबांची मुलगी, आमची अक्का, सासरच्यांनी नांदवलं नाही म्हणून परत आली होती. दारात कुणी बाई आली की ती मुकाट्यानं जात्यापाशी सरकायची, आणि आलेली बाईही तिला नसल्यासारखंच करायची.

शेवटी भाकरी थापता थापता मला रडू फुटलं. दळता दळता अक्कानं विचारलं, "काय झालं गं? लय दुखायलंय का?"

"अक्का, मला माहेरी धाडणार का हो? माझी बरगडी सुटली ना!"

अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. तेवढ्यात ओसरीवरून आवाज आला. बरगडीचा विषय निघाला आणि आबांना ऐकू आलं नाही, असं कधी झालंच नव्हतं.

"अगं, साऱ्या जगाच्या त्या दोन सुट्याच असत्यात! पाठीचा कणा म्हंजे माहेर, छातीचं हाड म्हंजे सासर, आणि बरगड्या बारा बहिणी. वरच्या साती आपल्या पायानं सासरी जात्यात. पुढच्या तिघी थोरलीचा पदर धरून जात्यात. अकरावी आणि बारावी माहेरीच ऱ्हात्यात."

माझा जीव भांड्यात पडला, आणि अक्कल बहुधा त्याच भांड्यात राहिली. मी दाराआडून विचारलं, "मग त्या दोघी काय कामाच्या?"

जातं थांबलं.  आबा हळू म्हणाले, "त्यांच्या आडोशाला गुर्दे, म्हंजे मूत्रपिंडं, असत्यात. सासरी गेलेल्यांचा हात तिथवर पोचत न्हाई. या दोघी माहेरी हायत, म्हणून आतलं सुखरूप हाय."

उत्तर मला होतं, पण आवाज माझ्या दाराकडे नव्हता, जात्याकडे होता. बऱ्याच वेळानं जातं पुन्हा सुरू झालं. त्यानंतर दारात बाई आली तरी अक्का जागची हलेनाशी झाली. उलट, "बसा की," म्हणायला लागली.

म्हातारपणी आबांना दम्यानं धरलं. उठून बसवताना अक्का मागून दोन्ही कुशींना हात द्यायची. आबा धापा टाकत विचारायचे, "कितवी धरलीस?"

"अकरावी आणि बारावी, आबा."

"बरोबर," म्हणायचे आणि तिच्या हातांवर भार टाकून डोळे मिटायचे.

आता माझी नातवंडं घरात अकरावी-बारावीच्या गोष्टी करतात, त्यांच्या परीक्षांच्या. माझा हात मात्र आपसूक कुशीला जातो. आबा नाहीत, अक्का नाही. त्या दोघी आहेत अजून, माहेरीच.