तेओफिलेबाईंचा डावा हात

मधपेटीच्या मागे उभं राहायचं, उजव्या हाताची बोटं तळाखाली घालायची आणि पेटी इंचभर उचलायची. एवढ्यावरून तेओफिलेबाई सांगत, आत मध किती आहे आणि हिवाळा निघायला साखरेचा पाक किती घालावा लागेल. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं माप वापरलं नव्हतं. मधमाश्या विकायच्या नाहीत, द्यायच्या, आणि ज्याला दिल्या तो सोयरा, ही आम्हा लिथुआनियातल्या लोकांची रीत. त्या नात्याने कुंपणापलीकडचा झिग्मस त्यांचा सोयरा.

जूनमध्ये चेरी काढताना बाई शिडीवरून पडल्या नि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तोवर ऑगस्ट सरत आला होता. माश्यांना सगळ्यात जास्त मध देणाऱ्या लिंडेनच्या झाडांचा बहर जुलैभर पावसाने धुऊन नेला होता. झिग्मस पंधरवड्यापासून आपल्या पेट्यांना पाक घालत होता. बाईंनी मात्र सप्टेंबरात, नेहमीच्याच दिवशी, सफरचंदांच्या झाडांखालच्या बारा पेट्या उचलायला घेतल्या. झाकणावर खडूने आकडे लिहायला मी सोबत होते.

पहिली भरलेली निघाली. दुसरीही. तिसरीलाही काही नको म्हणाल्या, आणि पुढच्याही तशाच. मला नवल वाटलं. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या पेट्या रिकाम्या आणि यांच्याच भरलेल्या कशा? मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. दर वेळी ओठ घट्ट मिटत होते.

बाराव्या पेटीतल्या माश्या वसंतातच मेल्या होत्या. ओळ मोडू नये म्हणून ती तशीच ठेवली होती. सवयीने बाईंनी तिच्याखालीही बोटं घातली.

"हिलाही पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या.

मी खडू टेकवला नाही. त्यांनीच झाकण काढलं. आत पोळ्यांच्या कोरड्या चौकटी आणि एक कोळी.

"हात दुबळा झाला," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मेल्याने मला कळवलंही नाही."

झिग्मस कुंपणावरून पाहत होता. तो आत आला आणि म्हणाला, "सोयरीणबाई, रिकाम्या पेटीतला मध आम्हालाही चाखू द्या की."

"उचल तूच," बाई म्हणाल्या.

त्याने सगळ्या पेट्या टोपलीसारख्या उचलल्या आणि प्रत्येकीला दहा लिटर पाक सांगितला.

"तुला बैलसुद्धा हलका लागेल. एवढा ओतला तर थंडीत माश्यांना दाटीने बसायला पोळ्यात रिकामी घरं कुठली उरणार?"

कमी घातला तर फेब्रुवारीत उपाशी मरतील, हेही तिघांना ठाऊक होतं. शिवाय आठ-दहा दिवसांत थंडी वाढली की माश्या पाक घेणंच बंद करतात.

बाईंनी साखरेचे पंधरा पुडे मागवले, एकेक किलोचे. ते बाराव्या पेटीत रचले आणि डाव्या हाताने ती उचलली. मग पहिली उचलली, पुन्हा बारावी. पाच पुडे काढले, परत उचलली. दुपारभर त्या डाव्या हाताला शिकवत होत्या. पाठ फिरवून उभ्या राहत नि झिग्मस पुडे कमीजास्त करी.

"किती?"

"बारा."

"नऊ. निजा आता, सोयरीणबाई."

"परत ठेव. बडबड नको."

सूर्य कलला तेव्हा लागोपाठ पाच उत्तरं बरोबर आली. मग अकराही पेट्या नव्याने उचलल्या. सात लिटर, चार, सहा. पाचव्या पेटीलाच काही लागलं नाही. तीन भाग साखर, दोन भाग पाणी असा पाक मोठ्या पातेल्यात केला. ते पंधरा पुडेही त्यातच गेले.

नवव्या दिवशी गवतावर हिव पडलं. आठवी पेटी अजून हलकी होती आणि तिला घातलेला पाक माश्यांनी घेतलाच नव्हता. बाईंनी दुपारच्या उन्हाची वाट पाहिली आणि पाचवीतून मधाच्या दोन भरल्या चौकटी काढून आठवीत, माश्यांच्या घोळक्याला लागून बसवल्या. पाचवीचं पुरेल का, असं झिग्मसने विचारलं. त्यांनी डाव्या हाताने पाचवी उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि पुरेल म्हणाल्या.

मार्चच्या पहिल्या उबदार दुपारी आम्ही तिघं पेट्यांसमोर उभे होतो. अकराही दारांतून माश्या बाहेर आल्या. आठवीतून सगळ्यात शेवटी, मूठभरच.