हळदीचं मटण, पुराव्यासकट

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे अकरा. स्थळ: आमचं नारपोलीचं घर. हजर: मी, हे, सासूबाई आणि कन्या तन्वी. विषय: पुतणीच्या हळदीला मटणात मसाला कुणाचा घालायचा, माझा की सासूबाईंचा?

आमच्याकडे असले निकाल आवाजावर लागतात, आणि सासूबाईंचा आवाज मोठा. पण मी पूर्णा गावच्या गोदामात माल तपासते ती काय उगाच?

शब्द आणला तन्वीने. ती फार्मसी शिकते.

"आई, एव्हिडन्स-बेस्ड निर्णय घे."

"म्हणजे?"

"पुराव्यावर उभा. डॉक्टरांकडून आलाय हा शब्द. आधी मोठे डॉक्टर म्हणतील तेच औषध! मग काही जण म्हणाले, रोगी खरंच बरे होतात का, ते मोजून दाखवा."

मला शब्द भलताच आवडला. (आमच्या घरातले मोठे डॉक्टर कोण, ते सांगायला नकोच.)

लगेच तक्ता आखला: रंग, वास, चव, तिखटपणा. मटणाच्या वाट्या तीन: एक माझ्या मसाल्याची, सासूबाईंच्या आणि बाजारच्या पुड्याची. कोणती कुठली, हे फक्त तन्वीला ठाऊक. मार्क पेनने, खाली सही, खाडाखोड नाही!

"काय गो, मटनाची पन परीक्षा?" सासूबाई म्हणाल्या. "मंग नवरदेवाची घेतलीस का?"

ह्यांनी तिन्ही वाट्यांना दहापैकी दहा दिले. (बावीस वर्षांच्या संसारात माणूस शिकतो!) सासूबाईंनी वाट्यांना बोटही लावलं नाही, नुसतं हुंगलं. "एक माझा. दोन पुड्याचा. तीन हिचा."

"आई, वासावरून ठरवायचं नसतं!" असं सुनावून मी सावकाश चाखलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं. वाटी एक: दहा. हाच माझा! वाटी तीन: दोन. बाजारचा पुडा. ह्यापेक्षा भुसा बरा!

खाली सही.

तन्वीने निकाल वाचला. "एक आजीची. दोन पुड्याची. तीन..." तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, तुझी."

हे तोंडाला रुमाल लावून गॅलरीत पळाले.

सासूबाईंनी कागद मागून घेतला. "सही हाय ना? मंग आता भांडान न्हाय. मसाला माझा, मिरच्या तू साफ करायच्या."

माझ्या यादीत सध्या एकच काम आहे: पाच किलो मिरच्यांचे देठ काढणे. दोन किलो झाले म्हणून मी टिक करायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "आधी देठं दाखव!"