पान्हा सुटेपर्यंत

कोल्हापुरात संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी उभ्या असतात. समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. नव्वदच्या दशकात मी रोज तिथे रेंगाळायचो. खरं सांगतो, दुधासाठी नाही. आमचं बाळ गेल्यापासून बायको बोलत नव्हती आणि मला घरी जायची भीती वाटायची. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

तिथल्या एका म्हशीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पांढऱ्या मिशा, खांद्यावर ओला पंचा. म्हैस पान्हा सोडेना की तो तिच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहायचा.

"आटपा की मामा, कागलची येष्टी जाईल माझी!" एकदा एकजण ओरडला.

"जाऊ दे की! हिला कुठं कागलला जायाचंय?"

सगळे हसले. मग तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "वढून काय येत न्हाय, पावणं. जवळ उभं ऱ्हायाचं. सुटतोय पान्हा तिचा तिला."

त्या दिवशी मी पेला घेतला नाही. जेवणाच्या रिकाम्या डब्यात दूध घेऊन थेट घरी गेलो. बायकोने ते शेगडीवर ठेवलं. मी तिच्या शेजारी नुसता उभा राहिलो. दूध वर येईपर्यंत दोघंही तिथेच होतो.

"साखर घालू?" तिने विचारलं.

मी लहानपणापासून बिनसाखरेचं दूध पितो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"दोन चमचे घाल," मी म्हणालो.