तीन डब्यांचं एकमत

श्रीपादभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, देवाला मानत नाहीत, डब्यांना मानतात. आमच्या देवासच्या घरी माडीवर बसून ते यंत्रांत बसवायचे छोटे कंप्यूटर तयार करतात. टोंकखुर्दला जगदेवरावांच्या कोल्ड स्टोरेजात त्यांनी असे तीन डबे लावले. प्रत्येकाने आपापली थंडी मोजायची, एकमेकांना कळवायची, आणि दोघांचं जमलं की तिसऱ्याचं ऐकायचं नाही. "वहिनी, एक बिघडला तरी सिस्टम चुकूच शकत नाही," हे ऐकता ऐकता माझ्या दोन पोळ्या करपल्या.

तिथले मानाजी वीस वर्षं रोज सकाळी पोत्यांत हात घालून माल बघत. भावजींनी ते बंद करवलं. दार उघडलं की म्हणे आकडे हलतात. आत पीपलरावां गावच्या शेतकऱ्यांचे बियाण्याचे आलू. ते नासले तर कार्तिकात पेरायचं काय?

श्रावणात मानाजींनी न राहवून पोत्यांत हात घातलाच असावा; त्यांचा भावजींना फोन आला. "भिया, पीछे का माल गरम लग रिया है."

"तिन्ही डबे चार डिग्री सांगताहेत. तिघे खोटे आणि तुम्ही एकटे खरे?"

मानाजींनी वाद घातला नाही. सोमवारी बसवाल्याबरोबर पिशवी पाठवली, 'भाभीजींच्या उपासाला.' सोलायला घेतले तर एकेका आलूला बोटभर कोंब! पिशवी तशीच माडीवर नेली आणि भावजींच्या पुढ्यात ओतली.

"डबे लावलेत कुठे?"

"दाराशी. वायर कमी लागते."

"तिन्ही?"

तिन्ही दाराशी. गार हवेचा पंखाही दाराशीच. एकाच ओट्यावर बसलेल्या तीन बायकांना गावाची खबर विचारली, तर एकमत होणारच.

त्यांची बायको विद्युल्लता हिने देव पाण्यात ठेवले. तिकडे दोन दिवस पोती उपसली. पंधरा फेकली, बाकीचं बियाणं वाचलं. जगदेवराव एवढंच म्हणाले, "एक डबा मागे, एक मध्ये, आणि मानाजी सगळीकडे."

काल भावजी इंदूरच्या संमेलनात वाचायचा निबंध घेऊन खाली आले. त्यात लिहिलेलं, 'मानवी तपासणीची चौथी पातळी आम्ही मुद्दाम ठेवली आहे.'

"मुद्दाम?"

"टेक्निकल भाषा असते ती, वहिनी."

मी पेन घेतलं आणि त्या ओळीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: मानाजी.

"अहो वहिनी, काय केलंत! एकच प्रत होती!"